पावसाळा, ओल आणि कोटेशन : जुन्या भाड्याच्या घराची दरवर्षीची कटकट

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात फोन येतो. "मालक, हॉलच्या कोपऱ्यात परत ओल आलीय. पोपडे पडायला लागलेत." पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोटो येतात आणि चौथा फोटो कोटेशनचा. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू वहिनींनी तोवर कुणाला तरी बोलावून दाखवलेलंही असतं.

घर सांगलीत, वडिलांनी १९७८ साली बांधलेलं. विटांच्या भिंती, वर स्लॅब, खाली एक भाडेकरू, वर एक. मी पुण्यात. म्हणजे कोटेशन देणाऱ्याच्या दृष्टीने उत्तम गिऱ्हाईक : घर जुनं, मालक लांब आणि भाडेकरू रोज फोन करणारा. ज्या कोटेशनने माझे डोळे उघडले ते पाच ओळींचं होतं. "टेरेस वॉटरप्रूफिंग, केमिकलसहित, १२५० चौ. फूट, दर १२० रुपये, एकूण १,५०,००० रुपये. जीएसटी १८ टक्के २७,०००. एकूण १,७७,०००. १० वर्षे गॅरंटी."

त्या वर्षी रक्षाबंधनाला गावी गेलो तेव्हा टेप घेऊन गच्चीवर चढलो. ३४ फूट बाय २६ फूट, म्हणजे ८८४ चौरस फूट. वॉटरप्रूफिंग कठड्याच्या आतल्या बाजूला फूटभर वर चढवावंच लागतं, ते हक्काचं आहे. १२० फूट परिघाचे आणखी १२० चौरस फूट धरले तरी १००४ होतात. उरलेले २४६ फूट आले कुठून? दर तोच धरला तर साडेएकोणतीस हजार रुपयांची ही हवेतली गच्ची होती. शिवाय जीएसटी लावला होता, पण कागदावर जीएसटी क्रमांकच नव्हता. हा क्रमांक १५ अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो आणि सरकारी पोर्टलवर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. क्रमांक नसेल तर कर लावायचा अधिकारही नाही.

पण माप फुगवणं ही तशी किरकोळ चोरी. खरी गोष्ट मला त्यानंतर दोन वर्षांनी कळली : माप बरोबर असतं, दर वाजवी असता, तरी ते कोटेशन चुकीचंच होतं. कारण पाणी कुठून येतंय हे त्या माणसाने बघितलंच नव्हतं. तो गच्चीवर गेला, एक चक्कर मारली आणि त्याला जे करता येतं त्याचा भाव लिहून दिला. पत्र्याचं काम करणाऱ्याला बोलावलं असतं तर त्याने पत्र्याची शेड लिहिली असती, पेंटरने पुट्टी आणि डॅम्पप्रूफ रंग. म्हणून "तीन कोटेशनं मागवा आणि मधलं घ्या" या सल्ल्यावर माझा आता विश्वास नाही. तिघांनी तीन वेगळ्या कामांचे भाव दिलेले असतात. त्यांची तुलना म्हणजे डोसा, पोळी आणि भाकरी यांतलं स्वस्त कोणतं ते बघण्यासारखं.

आधी पाणी शोधायचं

यासाठी तज्ज्ञ लागत नाही. चिकाटी लागते आणि भाडेकरूची थोडी मदत. फोन आला की मी आता वहिनींना पैशांबद्दल काही बोलत नाही, चार गोष्टी विचारतो. पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने ओल दिसते? पाऊस उघडून दोन दिवस झाले तर डाग सुकतो की वाढतच राहतो? डाग छतावर आहे, भिंतीच्या वरच्या भागात, की जमिनीपासून वर चढलाय? आणि त्याच्या डोक्यावर नेमकं काय आहे?

एवढ्यात अर्धं काम होतं. उन्हाळ्यातही वाढणारी ओल म्हणजे पाऊस नव्हे, नळ किंवा ड्रेनेज. अशा वेळी घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा काटा अर्धा तास बघायचा. काटा हलला तर मीटरनंतरच्या पाईपात कुठेतरी गळती आहे. टाकीपासून पुढच्या लाईनसाठी रात्री टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण करायची आणि सकाळी कुणी नळ उघडायच्या आत बघायची.

गच्चीसाठी मे महिन्यात केलेली ही तपासणी सांगतो, कारण हिच्यामुळे माझे दीड लाख वाचले. आधीच्या पावसाळ्यात गच्चीवर ताडपत्री टाकून वेळ मारून नेली होती. मे महिन्यात ओळखीच्या एका गवंड्याला आणि एका बिगाऱ्याला दिवसाच्या हजेरीवर बोलावलं. पावसाळी पाईपांची तोंडं गोणपाट कोंबून बंद केली. जुन्या विटा आणि चिखल यांचा वीतभर उंचीचा बांध घालून गच्चीचे चार भाग केले. एका भागात दीड-दोन इंच पाणी भरायचं, ४८ तास ठेवायचं, खाली वहिनींना छताकडे बघायला सांगायचं. पहिले दोन भाग कोरडे. तिसऱ्या भागात, नैऋत्येच्या कोपऱ्यात, दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलच्या पंख्याच्या हुकाभोवती ओलसर कडं दिसलं. गंमत म्हणजे हुक त्या कोपऱ्यापासून सात-आठ फूट लांब होता. पाणी स्लॅबमध्ये शिरतं एकीकडे, सळई किंवा वायरिंगच्या पाईपाच्या वाटेने फिरतं आणि दिसतं भलतीकडे. डागाच्या बरोबर वर खोदून "इथंच आहे बघा" म्हणणाऱ्याला म्हणूनच पहिल्यांदा थांबवायचं.

कोपऱ्यात काय होतं? सोलर वॉटर हीटरचं स्टँड. बसवणाऱ्याने कोब्यातून (स्लॅबवरच्या विटांच्या तुकड्यांच्या थरातून) थेट स्लॅबमध्ये बोल्ट ठोकले होते, तेही चार नव्हे, सहा, कारण दोन आधी चुकले होते. ती दोन भोकं तशीच उघडी. शेजारी पावसाळी पाईपाच्या तोंडाभोवतीचं सिमेंट फुटून बोटभर फट पडलेली. भोकं साफ करून भरली, स्टँडच्या पायांखाली सिमेंटचे ओटे केले, पाईपाचं तोंड नव्याने बसवलं, कठडा आणि गच्ची जिथे मिळतात त्या रेषेत दहा-बारा फूट गोलाई करून घेतली आणि तेवढ्याच भागाला कोटिंगचे दोन हात दिले. तपासणीच्या हजेऱ्या धरून ९,४०० रुपये. हॉल त्यानंतर कोरडा आहे.

एक सावधगिरी. स्लॅबचा खालचा गिलावा पडून गंजक्या सळया दिसत असतील तर पाणी भरून तपासू नका. दोन इंच पाणी म्हणजे चौरस फुटाला जवळजवळ पाच किलो वजन. आख्खी गच्ची भरली तर माझ्या घरावर चार टनांच्या वर भार गेला असता. म्हणूनही तुकडे पाडायचे.

खालच्या मजल्याच्या छताला ओल असेल तर संशय वरच्या बाथरूमवर. तिथलं ठरलेलं कोटेशन म्हणजे "सगळ्या टाइल्स काढून नव्याने", आकडा ८०-९० हजारांच्या घरात. आधी नहाणी ट्रॅपच्या (जमिनीवरचं पाणी जिथून वाहून जातं त्या जाळीखालच्या भांड्याच्या) तोंडात कापडाचा बोळा घट्ट बसवून जमिनीवर इंचभर पाणी एक दिवस उभं करा. खाली ओल वाढली नाही तर जमीन ठीक आहे. मग बोळा काढून ट्रॅपमध्ये रंगीत पाणी सोडा. मी रंगपंचमीचा उरलेला लाल रंग वापरला होता. टाइल्सच्या फटींना महिनाभर गुलाबी छटा राहिली आणि त्याबद्दल वहिनींनी मला अजून माफ केलेलं नाही, पण खालच्या छताला लाल थेंब दिसला. ट्रॅपची कॉलर निसटली होती. चार टाइल्स निघाल्या, काम दीड दिवसात झालं.

कोब्यावर कोबा

ही गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी, कारण इथे पैशांपेक्षा मोठा धोका आहे. जुन्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. गळती लागली की ठेकेदार म्हणतो, "जुना तसाच राहू दे, वरून नवीन घालू, डबल प्रोटेक्शन." जुना फोडणं, राडारोडा खाली उतरवणं, ट्रॅक्टर लावून टाकणं हे कष्टाचं काम असतं, ते टळतं. पण चार इंची कोब्याचं वजन चौरस फुटाला अंदाजे अठरा किलो भरतं. माझ्या ८८४ फुटांच्या गच्चीवर ते सोळा टनांच्या आसपास गेलं असतं. १९७८ च्या स्लॅबने हे ओझं का म्हणून उचलायचं? त्यातून पाणी दोन थरांच्या मध्ये अडकून राहतं ते वेगळंच. कोबा नव्याने करायचा तर जुना काढूनच, आणि काढणं, उतरवणं, टाकणं यांचे दर वेगळे लिहून. कोटेशनमध्ये "जुना कोबा काढणे" ही ओळ नसेल तर तो काढला जाणार नाही असंच समजायचं.

गंजक्या सळयांबाबतही हेच. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान कितीतरी पटींनी वाढतं आणि ते वरच्या काँक्रिटला ढकलून पाडतं. त्यावर नुसता गिलावा चोपडला तर दोन पावसाळ्यांत तो पुन्हा खाली येतो, आणि येताना कुणाच्या तरी डोक्यावर येतो. सळई मोकळी करून गंज घासायचा, गंजरोधक लावायचं, जोड पकडणारा हात द्यायचा, मग पॉलिमर घातलेल्या मॉर्टरने भरायचं. हा क्रम कोटेशनमध्ये ओळीने दिसला पाहिजे. सळई निम्मी झिजलेली असेल तर ठेकेदाराशी बोलणंच थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा, पैसे मोजून. "पाहणी फुकट" म्हणणारा माणूस पाहणीचे पैसे कामात वसूल करतो. ज्याला काम मिळणार नाही अशाच माणसाने निदान करावं, हा माझा नियम.

काळ्या मातीची चीर

आमच्याकडची माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि जुन्या पायाची घरं तिच्याबरोबर थोडी वरखाली होतात. जिन्याजवळच्या भिंतीत एक तिरकी चीर आहे. ती बघून एकाने सांगितलं, "पाया खचलाय मालक, चारी कोपऱ्यांना कॉलम उभे करायला लागतील." आकडा चार लाखांच्या वर. मी हादरलो होतो, खोटं कशाला सांगू. मग वडिलांच्या एका जुन्या स्नेह्यांनी साधी युक्ती सांगितली. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहायची आणि मध्ये काचेची पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टरने चिकटवायची. रेघांवरून चीर लांबतेय का कळतं, काच फुटली तर भिंत हलतेय. महिन्यातून एकदा नाणं शेजारी धरून फोटो. मे महिन्यात चिरेत नखाचं टोक सहज जायचं, ऑगस्टमध्ये जेमतेम केस. काच फुटली खरी, पण दुसऱ्या वर्षी मे महिन्यात चीर आदल्या वर्षीएवढीच उघडली. वर्षभराचे हे फोटो बघून इंजिनीअर म्हणाले, चीर श्वास घेतेय, वाढत नाही. पावसाळी पाईपाचं पाणी जोत्यालगत पडत होतं, ते लांब सोडायला सांगितलं, भिंतीलगतची फुलझाडं हलवायला सांगितली आणि चिरेत कडक सिमेंट न भरता लवचीक भरणा वापरायला. त्यांची फी पाच हजार.

चीर वर्षागणिक रुंदावत असेल, दारं-खिडक्या अडकू लागल्या असतील, किंवा बीमच्या खाली सळईच्या रेषेत लांब तडा गेला असेल, तर मात्र पेन्सिलचा खेळ करत बसू नका. त्याच आठवड्यात इंजिनीअर.

महापुरानंतरची घाई

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या खालच्या मजल्यात तीन फूट होतं. पाणी ओसरून पंधरा दिवस झाले नाहीत तोच गल्लीत गिलाव्यावाले फिरू लागले. चार फुटांपर्यंत जुना गिलावा काढायचा, वॉटरप्रूफ पावडर घालून नवा करायचा, पुट्टी, रंग, दिवाळीच्या आत घर नवं. शेजाऱ्यांनी केलं. संक्रांतीपर्यंत त्यांच्या भिंतींना पांढरा खार फुटला आणि रंग पापडासारखा उचलला गेला. नऊ इंची भिंत पाणी प्यायलेली असते. सुकायला ढोबळमानाने इंचाला महिना धरतात. गिलावा काढणं बरोबर होतं, पण नवा लगेच करणं चूक. आम्ही खरवडून विटा उघड्या ठेवल्या आणि भाडेकरू काकांचं भाडं सहा महिने निम्मं केलं. ते नुकसान दुसऱ्यांदा गिलावा करण्यापेक्षा कमीच होतं.

भिंत सुकली का हे बघायला दोन फुटांचा प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावायचा आणि दोन दिवसांनी बघायचा. थेंब प्लास्टिकच्या आतून, भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला असतील तर ती खोलीतली दमट हवा, तिला वॉटरप्रूफिंगची नव्हे, खिडकी उघडण्याची गरज आहे. असा एक "लीकेज" आमच्याकडे निव्वळ बंद खिडकी आणि आत वाळत घातलेले कपडे यांतून निघाला होता. भिंतीत भोकं पाडून केमिकल भरायचं त्याचं कोटेशनही आलं होतं, दर भोकाला.

जिथे मीच चुकलो

वरच्या मजल्यावर पावसात वारंवार ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडायचं. वायरमन म्हणाला, पूर्ण घराचं वायरिंग बदला. मी मनात म्हटलं, आला आणखी एक. सगळे एमसीबी (एकेका सर्किटचे स्विच) बंद करून एकेक चालू करत गेलो, तर पोर्चच्या दिव्याचा एमसीबी वर केला की पडतंय. दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी होतं. दिवा बदलला आणि मी स्वतःवर भलताच खूश झालो.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा. या वेळी त्याच वायरमनने मेगर (वायरचं वेष्टण वीज किती अडवतं ते मोजायचं यंत्र) लावून प्रत्येक सर्किटचं इन्सुलेशन मोजून दाखवलं. दोन सर्किटं एक मेगओहमच्याही बरीच खाली, म्हणजे वेष्टण निकामी. मग त्याने बॅटनपट्टीतून जुनी अ‍ॅल्युमिनियमची वायर सोडवली आणि माझ्या तळहातावर ठेवून वाकवली. वरचं वेष्टण शेवेसारखं तुटून पडलं. चाळीस वर्षांची वायर, खाली लहान मूल असलेलं बिऱ्हाड, आणि मी दिवा बदलून मिरवत होतो. वायरिंग बदललं. तेवढं मात्र आधी ठरवून घेतलं की एक पॉइंट म्हणजे काय, कारण पंखा, दिवा, प्लग यांचे दर वेगळे असतात आणि काही जण बोर्डावरचं प्रत्येक बटण पॉइंट म्हणून मोजतात.

म्हणजे मोठा आकडा हा संशयाचं कारण नाही. त्या वायरमनने मोजून दाखवलं, हातावर ठेवलं. संशय घ्यायचा तो "बघायची गरजच नाही, मला माहितीय" म्हणणाऱ्याचा. आणि "ईएलसीबी काढून टाकतो, परत पडणार नाही" म्हणणाऱ्याला तर चहा पाजून वाटेला लावायचं.

कोटेशन त्याने लिहायचं नाही, आपण

कारण सापडलं की मी कामाची यादी स्वतः लिहून पाठवतो आणि फक्त दराची जागा रिकामी ठेवतो. मागच्या वर्षी पाठवलेला मेसेज असा होता :

"नमस्कार. सांगलीच्या घरी जिन्याच्या खोलीवरच्या छोट्या स्लॅबचं काम आहे. माप १० बाय ९, कठडा धरून १२८ चौ. फूट, येऊन मोजून घ्या. १) जुना कोबा काढून राडारोडा बाहेर टाकणे, उक्ते. २) तडे व्ही आकारात उघडून भरणे, दर रनिंग फुटाला. ३) कोटिंग दोन हात, कंपनी आणि माल कोणता ते लिहा, दर चौ. फुटाला. ४) नवा कोबा उतारासह, वर घोटाई, दर चौ. फुटाला. पाणी-लाईट आमची. जास्तीचं काम निघालं तर आधी फोटो, मग फोनवर होकार, मगच काम. अ‍ॅडव्हान्स २० टक्के, कोटिंग झाल्यावर ४०, पूर्ण झाल्यावर ३०, उरलेले १० टक्के दसऱ्याला."

यावर तिघांचे दर आले की मग ती तुलना. एकाने उत्तरच दिलं नाही, हेही उत्तरच. मापाच्या बाबतीत ब्रासचा गोंधळ लक्षात ठेवा : गिलावा-फरशीचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, वाळू-खडीचा म्हणजे १०० घनफूट. दर ब्रासवर आहे की फुटावर हे कागदावर नसेल तर हिशेबाच्या दिवशी वाद ठरलेला.

कोटिंगच्या डब्यावर एका लिटरमध्ये किती फूट होतं ते छापलेलं असतं. भागाकार करून किती डबे लागतील ते काढायचं, आणि रिकामे डबे टाकून न देता जिन्याखाली ठेवायला सांगायचे. लांब राहणाऱ्या मालकाला याहून सोपं सुपरव्हिजन नाही. सहा डबे लागायला हवेत आणि जिन्याखाली चार आहेत, तर पातळ करून लावलंय. पेंटरने अमुकच कंपनीचा रंग हवा म्हणून हट्ट धरला तर डब्यात त्याच्यासाठी कंपनीचं बक्षिसाचं टोकन असतं हे आठवायचं. त्यात वाईट काही नाही, पण त्याला सल्ला समजू नये.

दसऱ्याचे १० टक्के ही माझी सगळ्यात आवडती ओळ. "१० वर्षे गॅरंटी" कुणाची? त्याचा मोबाईल नंबर तरी १० वर्षं टिकेल का? एक पावसाळा पाहून दिलेले पैसे मला त्या कागदापेक्षा भरवशाचे वाटतात. चांगला ठेकेदार यावर कुरकुरतो, पण मान्य करतो.

छोट्या कामांचा मात्र वेगळा विचार करा. ९ हजारांच्या कामासाठी ठेकेदाराने दोन माणसं, गाडी आणि तीन फेऱ्या कशाला घालाव्यात? म्हणून तो ते काम ६० हजारांचं करतो, आणि त्यात दरवेळी लबाडी असतेच असं नाही. अशी कामं हजेरीवर द्यावीत, माल आपण आणून. हजेरीवर माणूस रेंगाळतो, उक्त्यात घाई करतो. जिथे आत काय निघेल माहीत नाही तिथे हजेरी, जिथे माप पक्कं आहे तिथे उक्तं.

"बिल नको असेल तर दहा टक्के कमी करतो" हा प्रस्ताव येतोच. घरमालकांना वाटतं, बिलाने कर तरी वाचेल. तसं नाही. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेली घरपट्टी वजा केली की उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीला शून्य खर्च झाला काय आणि दोन लाख झाला काय. बिल घ्यायचं ते दुसऱ्यासाठी : काय काम झालं, कोणता माल वापरला, कधी, हे पुढच्या गवंड्याला सांगता यावं म्हणून. घरावर आधी काय झालंय हे मलाच आठवत नव्हतं, तेव्हा लोकांनी मला दोनदा तेच काम विकलं.

नकार देताना "फसवताय" असं म्हणू नका, खात्री असली तरी. "या वर्षी एवढंच जमतंय" किंवा "आधी कारण बघतो, मग बोलू" पुरतं. गावात कामाची माणसं मोजकी. मला दीड लाखांचं कोटेशन देणाऱ्याच्याच गवंड्याने पुढे बांध घालून पाणी भरलं होतं.

आणि भाडेकरूला आधीच चोर ठरवू नका. त्याने आणलेला माणूस म्हणजे त्याचं कमिशन असेल, असं मलाही वाटायचं. वहिनींच्या डोक्यावर पोपडे पडत होते, त्यांना कुणीतरी लवकर हवं होतं, इतकंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम आहे. नोटीस देऊन वाजवी मुदतीत (किमान १५ दिवस) दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाला त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. तपासणीच्या नावाखाली महिनोन्‌महिने काढायची सोय नाही. मी पहिल्या दिवशी ताडपत्री आणि बादल्यांचे पैसे पाठवतो आणि कोणत्या तारखेपर्यंत काय करणार ते लिहून कळवतो.

यंदा हॉल कोरडा, बाथरूम कोरडं. जिन्याच्या खोलीवरचा मागच्या वर्षी केलेला कोबा ठीक आहे, १० टक्के दसऱ्याला दिले. पण त्याच खोलीच्या उत्तरेच्या भिंतीवर हाताएवढा डाग उरलाय, जोरदार वाऱ्याचा पाऊस असला तरच दिसतो. माझा अंदाज खिडकीच्या छज्जावर आहे. परवा एकाने पूर्ण बाहेरच्या भिंतींच्या रंगाचं कोटेशन पाठवलं, ९२,००० रुपये. त्याला कळवलंय की दिवाळीनंतर पाईप घेऊन खालून वर भिंत भिजवत जाणार आहे, आधी छज्जाच्या खाली, मग छज्जावर. यायचं असेल तर ये, शिडी तेवढी घेऊन ये.